किल्ली नावाची बाई

शब्द तोंडातून गेला तेव्हा मॅडमना आनंद झाला होता. पुढे त्यांना त्या शब्दाची जेवढी लाज वाटली, त्याहून जास्त त्या आनंदाची वाटत राहिली. समाजकार्य विभागाच्या व्हरांड्यात शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचा निरोपाचा चहा चालला होता. भाषणं एकदाची आटपली होती. पालक मंडळी कागदी कप दोन्ही हातांनी धरून भिंतीच्या कडेकडेने उभी होती; आपलं मूल इथे नक्की काय शिकलं हे त्यांना अजून समजलेलं नव्हतं, आणि आता विचारायची वेळ निघून गेली होती. मॅडम या घोळक्यातून त्या घोळक्यात हसत फिरत होत्या. अशा वेळी आपला चेहरा कसा दिसतो हे त्यांना ठाऊक होतं आणि तो त्यांना आवडायचाही. तेवढ्यात वकीलबाई समोर आली. वकीलबाई म्हणजे त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. कुठल्याही गोष्टीवर हात वर करून भांडायची म्हणून वर्गाने तिला ते नाव ठेवलं होतं. "मॅडम, ही माझी आई," ती म्हणाली आणि जरा बाजूला झाली.

आई बुटकीशी, नीटनेटकी होती. डाव्या भुवईत जुन्या जखमेची खाच, तिथे केस उगवलेले नव्हते. "हिच्या तोंडी दिवसभर तुम्हीच," आई म्हणाली. "आमच्याशी भांडते ते सगळं म्हणे तुम्ही शिकवलेलं. आम्हाला तर घरात बोलायची सोय राहिली नाही बाई." आणि ती हसली. तक्रार करता करता, मान किंचित तिरकी करून, नाकातून हसली. मॅडम मघापासून त्या भुवईकडे बघत होत्या. हसू ऐकलं आणि त्यांना सगळं एकदम आठवलं, ती खोली, तो जिना, घड्या घातलेल्या कपड्यांचा ढीग. "अगं, किल्ली!" त्या जवळजवळ ओरडल्याच. दोन्ही हात पुढे केले. "किल्ली, तू! आणि म्हणजे ही..." असं म्हणत त्या वकीलबाईकडे वळल्या आणि तिथेच थांबल्या.

"किल्ली?" आईने खांद्यावरची पर्स चाचपली. "माझी आहे की. पडली का कुणाची?"

वकीलबाईची नजर मॅडमवरून आईच्या भुवईवर गेली, तिथून आईच्या तोंडावर. वर्गात एखादा मुद्दा सुचत असला की ती अशीच बघायची, आणि मग तिचा हात वर जायचा. आता हात वर गेला नाही. "माझी, माझ्या खोलीची," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "आत्ता तर हातात होती." आणि खरोखरच पर्समध्ये हात घालून त्या शोधायला लागल्या. चष्म्याचं घर, रुमाल, औषधाची पट्टी, खोलीची किल्लीही हाताला लागली, ती त्यांनी मुठीत दाबून आणखी खाली ढकलली. आईने कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून ती खुर्च्यांखाली वाकून बघायला लागली. "अशी कशी जाईल? शेवटची कुठे बघितलीत? बसला होतात तिथे बघा." तिचं बघून आणखी दोघे-तिघे पालक वाकले. शिपायाने टेबलावरच्या कापडाचं टोक उचलून पाहिलं. विभागप्रमुख लांबूनच म्हणाले, "मॅडमची किल्ली ना? त्यांचं पुस्तक उघडा, त्यात असेल!" त्यावर सगळ्यांनी मनापासून हसून घेतलं. तो विनोद विभागात जुनाच होता. "आई, चल," वकीलबाई म्हणाली. "सापडेल नंतर." ती मॅडमकडे न बघता म्हणाली.

त्या संध्याकाळी मॅडम घरी चालतच गेल्या. एरवी त्या बसने जायच्या, पण बसमध्ये कुणीतरी ओळखीचं भेटेल, बोलावं लागेल, म्हणून चालल्या. फुटपाथवर एका दुकानदाराने बाहेरच्या बाहेर पुतळ्याचे कपडे बदलायला घेतले होते. हात काढून बाजूला ठेवलेल्या त्या उघड्या पुतळ्यापासून मॅडमनी नजर वळवली, जणू आपणच बघायला नको ते बघत होतो. तसं त्यांचं आयुष्य बघण्यातच गेलं होतं. तरुणपणी खांद्याला कापडी पिशवी लावून त्या घराघरांतून हिंडल्या होत्या, बायकांना बोलतं केलं होतं. बाईची ओळख म्हणजे काय, कुणाची मुलगी, कुणाची बायको, कुणाची आई हे सगळं सोलून काढल्यावर खाली काय उरतं, असा त्यांचा विषय. बायकांची खरी नावं द्यायची नाहीत, हा संशोधनाचा पहिला नियम. पण मॅडमना खोटी नावंही द्यायची नव्हती. नाव म्हटलं की घराणं आलं, जात आली, वाचणारा लगेच बाईला एका खणात टाकून मोकळा होतो. म्हणून त्यांनी नवीच युक्ती काढली. जिच्या बोलण्यात जी वस्तू आली, तेच तिचं नाव. पुस्तकात एक सुई होती, एक शिडी होती, एक आरसा होता. आणि किल्ली होती. या युक्तीचं फार कौतुक झालं. परिषदांतून लोक उठून विचारायचे, हे तुम्हाला सुचलं कसं? मॅडम नम्रपणे सांगायच्या. त्या नम्रतेचाही त्यांना आता फुटपाथवर चालता चालता वीट आला.

किल्लीची गोष्ट तर विभागात पोरासोरांना तोंडपाठ होती. किल्ली नावाच्या बाईने एका दुपारी तान्ह्या मुलीला झोपवलं, बाहेरून कुलूप लावलं आणि ती निघाली. दुसरी किल्ली नवऱ्याकडे, नवरा फिरतीवर. 'बसमध्ये बसले. बस शेवटच्या थांब्याला गेली, सगळे उतरले म्हणून मीही उतरले. तिथून परगावच्या गाड्या सुटायच्या. एक सुटली. दुसरी सुटली. मग पुढच्या गाडीत चढायचंच म्हणून उठले, दांडा धरायला मूठ उघडली, तर आत किल्ली. मग आले परत. मुलीसाठी आले असं नाही हं सांगत मी. किल्ली हातात होती म्हणून आले.' इथे पुस्तकातलं अवतरण संपत होतं आणि मॅडमचं विवेचन सुरू होत होतं. बाईला घराकडे ओढून आणते ती माया नव्हे, जबाबदारीचं एक थंड लोखंड असतं, असं काहीसं त्यात होतं. 'किल्ली हातात होती म्हणून' हे शब्द मुलांनी एकदा मोर्चाच्या फलकावर रंगवले होते. मॅडम त्या फलकाखाली उभ्या राहिल्याचा फोटो विभागाच्या भिंतीवर अजूनही होता.

आणि वकीलबाईचा निबंध. तो आठवला तेव्हा मॅडम रस्ता ओलांडत होत्या, आणि मध्येच उभ्या राहिल्या. स्कूटरवाला काहीतरी ओरडून गेला. याच वर्षी त्यांनी वर्गाला निबंध लिहायला दिला होता, आणि वकीलबाईने लिहिलं होतं की किल्लीने ती किल्ली गटारात फेकून गाडीत चढायला हवं होतं. कुलपं तोडता येतात. रडणं ऐकून शेजाऱ्यांनी दार फोडलं असतं, आणि ते मूल कुठेतरी वाढलंच असतं, मुलं वाढतात. पण त्या बाईला दुसरा जन्म मिळणार नव्हता. ते मूल म्हणजे तिच्या पायातली बेडी आहे, आणि तिला ते माहीत होतं. ती परत आली हा तिचा पराभव आहे, आणि आपण त्याचं कौतुक करणं थांबवलं पाहिजे. मॅडमनी समासात लिहिलं होतं, 'शाब्बास! हेच मला म्हणायचं होतं, मला धीर झाला नव्हता.' आणि तो निबंध त्यांनी सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवला होता. वाचताना त्यांचा आवाज भरून आला होता. मुलीने मान खाली घातली होती, कान लाल झाले होते, लाडक्या माणसाने चारचौघांत शाबासकी दिली की होतात तसे. ते मूल, ते कुठेतरी वाढलंच असतं ते मूल, पुढच्याच बाकावर बसलं होतं आणि मॅडम त्याला त्याचाच निकाल वाचून दाखवत होत्या. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी ओळखीचं भेटायला नको म्हणून त्या चालत निघाल्या होत्या, पण जिच्यापासून तोंड लपवायचं ती तर बरोबरच चालत होती.

घरी नवरा स्वयंपाकघरातला नळ खोलून बसला होता. निवृत्त झाल्यापासून त्याने घरातला एक नळ धड राहू दिला नव्हता. "का गं, अशी का दिसतेस? तुझ्या बायकांपैकी कुणी गेलं का?" मॅडमनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या सगळ्या त्याच्या लेखी 'तुझ्या बायका' होत्या. मॅडमनी सांगितलं. सगळं नाही, निम्मं. तो पाना हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "चूक झाली ना? मग माफी मागायची नि मोकळं व्हायचं. त्यात काय एवढं?" "कुणाची मागू?" मॅडम एकदम चिडून म्हणाल्या. "आईची मागायची तर तिला आधी सांगावं लागेल, की तुझ्या मुलीला कळलंय आणि ते माझ्यामुळे कळलंय. मुलीची मागायची तर कबूल करावं लागेल, की हो, ती तुझीच आई. म्हणजे आत्ता तिला नुसता संशय असेल, तर मी जाऊन शिक्का मारून यायचा." नवऱ्याने जरा विचार केला. "मग गप्प बस," तो म्हणाला. नळाला पुन्हा पाना लावताना तो पुढे म्हणाला, "तिचं खरं नाव तरी काय?" मॅडम बेसिनपाशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना नाव आठवेना. त्यांनी हात धुतले, पुसले, बटाटे सोलायला घेतले, सोलता सोलता मनातल्या मनात ओळखीची सगळी नावं लावून पाहिली. एकही त्या चेहऱ्यावर बसेना. नियमाप्रमाणे खऱ्या नावांचा कागद त्यांनी कधीच फाडून टाकला होता आणि त्या नियमाचा त्यांना अभिमान होता. बाईची स्वतःची ओळख शोधायला निघालेल्या त्या, आणि त्यांच्या हातात शेवटी त्यांनीच ठेवलेलं एका वस्तूचं नाव उरलं होतं. एखाद्या कुत्र्याला हाक मारावी तसं त्यांनी ते भर व्हरांड्यात मोठ्याने उच्चारलं होतं. नवरा म्हणाला, "सालं जाड काढतेयस." मॅडमनी खाली पाहिलं. निम्मा बटाटा सालांत गेला होता.

पुढचे दिवस परीक्षांचे होते. वकीलबाई विभागात दिसली नाही. दिसली नाही म्हणून मॅडमना हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं म्हणून लाज वाटायची. खोलीत पेपर तपासत बसल्या की दारावर सावली पडली तरी त्यांचं पेन थांबायचं. आणि त्या सगळ्यात ती दुपार पुन्हा पुन्हा यायची, हवी तेव्हा नाही, नको तेव्हा. वरच्या मजल्यावरची एकच खोली. ती बाई जमिनीवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि हात न थांबवता बोलत होती. मॅडम समोर पाटावर. मध्ये टेपरेकॉर्डर. आणि कोपऱ्यात ती चिमुरडी, कॅसेटचं रिकामं डबडं उघडत होती आणि मिटत होती, उघडत होती आणि मिटत होती. त्याचा टक टक आवाज कॅसेटवरही आला होता. बाई सांगत होती. बस, शेवटचा थांबा, मूठ, किल्ली. तिथे अवतरण संपलं. पण बाई तिथे थांबली नव्हती.

बाई पुढे म्हणाली होती, "आणि तुम्हाला सांगते, जिन्यातच हिचं रडणं ऐकू आलं, आणि माझं दूध सुटलं. कपडा पुढून सगळा भिजला. मला असा राग आला! म्हटलं, मन येत नाही, पाय येत नाहीत, आणि हे बरं आपलं आपण निघालं. इतका राग आला की मला हसायलाच यायला लागलं. दार उघडलं तेव्हा मी एकटीच वेड्यासारखी हसत होते. आणि ही मला हसताना बघून रडायची थांबली. थांबली, आणि तीही हसली. तोपर्यंत ती कधी हसलीच नव्हती हो. पहिल्यांदा हसली ती तेव्हा." हे सगळं कॅसेटवर होतं. मॅडमनी ते उतरून घेतलं होतं आणि पुस्तक करताना काढून टाकलं होतं. मार्गदर्शक सर म्हणाले होते, "हे नको. हे आलं की वाचणारा म्हणेल, बघा, शेवटी आईच ती, आणि तुमचा सगळा मुद्दा वाहून जाईल." मॅडमनी लगेच मान डोलावली होती. इतकी वर्षं त्या स्वतःला हेच सांगत आल्या, की मुद्द्यासाठी काढलं, सरांनी सांगितलं म्हणून काढलं.

पण खरं कारण त्या दुपारी त्याच खोलीत घडलं होतं. मॅडमचं स्वतःचं मूल तेव्हा काही महिन्यांचं होतं. त्याला थोरल्या ताईकडे टाकून त्या मुलाखती घेत फिरायच्या, आणि हे त्यांनी एकाही बाईला कधी सांगितलं नव्हतं. संशोधकाने स्वतःला मध्ये आणायचं नसतं. बाई जिन्यातलं सांगत होती, आणि ऐकता ऐकता मॅडमना जाणवलं, की आपलाही कपडा भिजतो आहे. त्यांनी कापडी पिशवी उचलून छातीशी घट्ट धरली. बाईचं बोलणं थांबलं नाही. बोलता बोलताच तिने घड्यांच्या ढिगातून एक धुतलेला टॉवेल ओढला, मॅडमच्या मांडीवर ठेवला, आणि आवाज जरा खाली आणून विचारलं, "लहान आहे का घरी?" "नाही," मॅडम म्हणाल्या. "मघाशी चहा सांडला." चहा अजून झालाच नव्हता. स्टोव्हवर पाणीसुद्धा चढलं नव्हतं. बाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान तिरकी करून नाकातून हसली. राग आला की ती हसते, असं मॅडमनी पुस्तकात लिहिलं, सुंदर लिहिलं. तो राग त्या वेळी कुणावर होता तेवढं लिहिलं नाही. त्या बाईने आपलं सगळं अंतर्बाह्य त्यांच्यापुढे मांडलं होतं आणि त्यांनी तिला बदल्यात एक चहा दिला, न सांडलेला. टॉवेल मात्र त्यांनी घेतला. निघताना बाईने विचारलं, "हे तुम्ही लिहिणार?" "तुमचं नाव कुठेही येणार नाही," मॅडमनी प्रत्येक घरात म्हणायचं ते वाक्य म्हटलं. "कुणालाही कळणार नाही." "कुणालाही कळू दे हो," बाई म्हणाली. "नवऱ्याला कळलं तर दोन दिवस बोलेल, गप्प बसेल. हिला तेवढं कळायला नको." आणि तिने हनुवटीनेच कोपऱ्यातल्या मुलीकडे दाखवलं. डबडं मिटलं. टक.

परीक्षा संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी वकीलबाई आली. मॅडम खोलीतलं कपाट आवरत होत्या. ती दारात उभी राहिली, आत ये म्हटल्यावर आत आली, बस म्हटल्यावर बसली नाही. चेहरा उतरलेला होता, पण आवाज वर्गातलाच होता. "मॅडम, मी तुम्हाला काही विचारणार नाहीये," ती म्हणाली. "विचारलं तर तुम्हाला नियम मोडावा लागेल. मला कळलंय. तिला तेवढं कळायला नको, मला कळलंय ते." मॅडमच्या हातात पुस्तकांची चवड होती, ती तशीच राहिली. तेच शब्द. तिने ते कधी ऐकले असणं शक्य नव्हतं, कॅसेटचं डबडं उघडता मिटता ऐकले असतील तरच. मॅडमना काहीतरी बोलायचं होतं. मला क्षमा कर, असं म्हणणं त्यांना फार स्वस्त वाटलं. त्या म्हणाल्या, "पुस्तकात जे आहे, ते तिथे संपत नाही."

मग त्यांनी सांगितलं. उभ्यानेच, पुस्तकांची चवड छातीशी धरून, जिना सांगितला, रडणं सांगितलं, दूध सांगितलं, राग सांगितला. दार उघडल्यावरचं हसू सांगितलं, आणि त्या हसण्याला बघून हसलेलं मूल सांगितलं. 'ती बाई' आणि 'ते मूल' असंच म्हणत त्यांनी सांगितलं. नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला, आता त्याचा काहीही उपयोग नव्हता तरी. मुलगी खिडकीकडे बघत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने नाक पुसलं. "हे पुस्तकात का नाही?" तिने विचारलं.

"जागा नव्हती," मॅडम म्हणाल्या.

मुलगी बघत राहिली. वर्गात कुणी तोंडावर मारायला काहीतरी उत्तर फेकलं की ती अशीच बघायची, आणि मॅडमना त्या नजरेचं कौतुक होतं. "खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "जागा होती. मला लाज वाटली."

"तिची?"

"नाही गं. माझी."

मुलीने आणखी विचारलं नाही. वकीलबाईने प्रश्न अर्धवट सोडला, असं प्रथमच झालं. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी तो निबंध घरी वाचून दाखवला होता. तुम्ही वर्गात वाचलात ना, त्याच दिवशी. आई कपडे वाळत घालत होती. मी मागे मागे फिरून सगळा वाचला. बेडी, पराभव, सगळं."

"मग?"

"काही नाही. छान लिहिलंयस, म्हणाली. आणि हसली." मुलगी थांबली. तिचं बोट टेबलाच्या कोपऱ्यावर थांबलं. "हसली होती," ती पुन्हा म्हणाली, पण या वेळी मॅडमना नाही, स्वतःलाच. तिने झटकन तोंड फिरवलं. बाहेर शिपाई व्हरांड्यातल्या खुर्च्या एकात एक घालत होता. मॅडमनी चवड टेबलावर ठेवली. म्हणजे आईला माहीत होतं. किल्ली कोण, पुस्तक कुणाचं, तिच्या मुलीला शिकवतं कोण, सगळं माहीत असूनच ती निरोपाच्या चहाला आली होती, कप हातात धरून उभी राहिली होती, आणि मॅडमनी भर लोकांत ते नाव घेतल्यावर ती खाली वाकली होती. न हरवलेली किल्ली खुर्च्यांखाली शोधत होती. गुडघ्यावर हात टेकून, कुणाला शंका येऊ नये म्हणून, मुलीने बघू नये म्हणून, आणि मॅडमची चारचौघांत शोभा होऊ नये म्हणूनही. पुन्हा एकदा तिने टॉवेल दिला होता. मॅडमनी पुन्हा एकदा तो घेतला होता.

मुलगी दारापर्यंत गेली आणि वळली. डोळे लाल होते, पण ती हसत होती, मान जराशी तिरकी करून. "आईने निरोप दिलाय," ती म्हणाली. "मॅडमना किल्ली सापडली का, ते विचारून ये म्हणाली. काय सांगू?"

मॅडम टेबलाला धरून उभ्या होत्या. इतक्या वर्षांपूर्वी त्या बाईने टॉवेल देताना विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तरही अजून द्यायचं राहिलं होतं.

"सापडली म्हणावं," त्या म्हणाल्या. "आणि म्हणावं, तेव्हा चहा सांडला नव्हता."

मुलीला काही कळलं नाही. "एवढंच?"

"एवढंच सांग. तिला कळेल."